स्कर्टिंगवरचा पॉइंट

मित्रांनो, माझ्याशी बोलायचं असेल तर आधी खाली बसा. उभ्याने मी दिसत नाही. भिंत जिथे संपते आणि फरशी जिथे सुरू होते, तिथे जुन्या घरांत वीतभर उंचीची एक लाकडी पट्टी ठोकलेली असते. तिला स्कर्टिंग म्हणतात. झाडूचे फटकारे आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपलांची टोकं यांच्यापासून भिंतीला वाचवायचं, एवढंच तिचं काम. या खोलीत खिडकीखाली त्या पट्टीवरून हात फिरवा. रंगाच्या थराखाली एक चौकोनी उंचवटा हाताला लागेल. तो मी. मी एक जुना प्लग-पॉइंट आहे. म्हणजे होतो. आता माझ्यात वीज नाही आणि माझ्या तिन्ही भोकांत भिंतीचा रंग जाऊन बसला आहे.

झाडाचं, नदीचं, फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त तुम्ही शाळेत ऐकलं असेल. ती मंडळी फार गोड बोलतात. मला ते जमणार नाही. जन्मभर ज्याच्या तोंडावर फरशी पुसल्याचं पाणी आलं, त्याने तोंडात साखर कुठून आणायची?

माझा जन्म कारखान्यातला. काळी भुकटी तापलेल्या साच्यात दाबली की बॅकेलाइट नावाचा कडक पदार्थ तयार होतो, त्याचा मी बनलो. पोटात पितळेच्या पट्ट्या बसवल्या, पाठीला स्क्रू लावले, आणि तपासणाऱ्या बाईने मला टेबलावर टकटक वाजवून बघितलं. "हा ठणठणीत आहे," असं म्हणून तिने मला खोक्यात टाकलं. मला फार अभिमान वाटला. आपल्यावाचून जगात कुणाचं तरी अडलेलं असणार, असं प्रत्येक नव्या वस्तूला वाटतं. दुकानाच्या फळीवर आम्ही सगळे पॉइंट मोठमोठ्या बाता मारायचो. कुणी दवाखान्यात जाणार होता, कुणी छापखान्यात. मी मात्र एवढंच ठरवलं होतं की चांगल्या घरात, भिंतीवर, माणसाच्या हाताशी बसायचं. कुणी कुणी पायाशीही बसतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

मला विकत घेतलं ते 'आलोच'ने. हा गल्लीतला वायरमन. कुणीही बोलावलं की "आलोच" म्हणायचा आणि मग आठवडाभर तोंड दाखवायचा नाही, म्हणून त्याला ते नाव पडलं होतं. हाताला कसब होतं, पण अंग जड. जिथे छिन्नी मारायची वेळ येई तिथे याचा खांदा दुखायला लागे.

तो मला घेऊन आला ते याच खोलीत. घर तेव्हाही जुनंच होतं. दगडी भिंती, वर दिव्यापुरती वायर फिरवलेली, खाली कुठेच पॉइंट नाही. घरधनी गवंडी होते. गिलाव्याचं काम करावं तर त्यांनीच, अशी ख्याती. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. त्यांची बायको शिवणकाम करायची, ती गल्लीची शिवणमावशी. मीही तिला मावशीच म्हणतो. तोपर्यंत ती पायाने मशीन चालवायची. मिस्त्रींनी तिच्यासाठी मशीनला लावायची मोटर आणली होती आणि त्या मोटरीसाठी मी आलो होतो.

आता या भिंतीबद्दल सांगायला हवं. मिस्त्रींनी लग्नानंतर ही भिंत स्वतः केली होती. चुन्याचा गिलावा, आणि तो घोटून घोटून असा गुळगुळीत केलेला की समोर उभं राहिलं तर आपली सावली नाही, आपला चेहरा दिसावा. मावशीचा त्या भिंतीवर नवऱ्याइतकाच जीव होता. तिच्यावर खिळा नाही, तसबीर नाही, टाचणी नाही.

मिस्त्रींनी मशीन खिडकीशी सरकवलं, मावशीला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "हात लांब कर बघू." तिने हात लांब केला. जिथे तिची बोटं टेकली, तिथे त्यांनी थापीच्या टोकाने भिंतीवर सरळ एक फुली ओढली.

"अहो!" मावशी अशी ओरडली की जणू ओरखडा तिच्याच अंगावर उठला. "भिंत खराब केलीत!"

"खूण केली. पॉइंट इथे येईल. बसल्या बसल्या तुझा हात पोचला पाहिजे."

"म्हणजे भिंत फोडणार?"

"फोडायला नको? वायर काय हवेतून जाणार आहे? अगं, माझीच भिंत आहे. गिलावा काय, पुन्हा करता येतो."

"पुन्हा असा नाही होणार. जागा दिसेल. मला नका सांगू, मी शिवणारी बाई आहे. ठिगळ कितीही चांगलं लावलं तरी ते ठिगळच दिसतं." मग तिची नजर खाली गेली. "त्या लाकडी पट्टीत बसवा की. खाली कोण बघतंय?"

आलोचचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "वहिनी, लाखमोलाचं बोललात! पट्टीला काय, करवत फिरवली की काम झालं. वायर मागून जाते, गिलावा नको, माती नको. बाहेरच्या देशांत असंच बसवतात हो आता."

"अगं, रोज वाकावं लागेल," मिस्त्री म्हणाले.

"मग वाकेन. म्हातारी समजता की काय मला?" आणि मावशी खुर्चीवरून उठली, गुडघे न वाकवता तिने दोन्ही तळहात फरशीला टेकवून दाखवले आणि हसत हसत सरळ झाली. मिस्त्रीही हसले. आलोच तर करवत काढूनच बसला होता. एकाला बायकोचं मन मोडवेना, एकीला नवऱ्याची भिंत मोडवेना आणि एकाला मेहनत नको होती. तिघांनी मिळून, अगदी प्रेमाने, मला जमिनीला टेकवलं.

त्या तिघांशिवाय तिथे फक्त मी होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझी कामाची वर्षं चांगली गेली, खोटं कशाला बोलू? मावशी शाळेचे गणवेश शिवायची, शर्ट शिवायची. कॉलर शिवून उलटवली की तिच्यावर लगेच गरम इस्त्री फिरवावी लागते, नाहीतर ती नीट बसत नाही. पॉइंट मी एकटाच. म्हणजे बटण बंद करायचं, मोटरीचा प्लग काढायचा, इस्त्रीचा लावायचा, बटण चालू करायचं; कॉलर झाली की पुन्हा सगळं उलट. माझं बटणही माझ्या शेजारी त्याच पट्टीत. दर कॉलरीला ती माझ्यापाशी वाकायची. केसांत अडकवलेली सुई, तोंडात धरलेला दोरा, आणि हसरा चेहरा. असा चेहरा दिवसातून इतक्या वेळा बघायला मिळणारा पॉइंट दुसरा कुणी नसेल. कमरेच्या उंचीवर बसलो असतो तर तो मिळाला नसता, हेही तेव्हा मला पटायचं.

खाली राहण्याचे हाल मात्र होतेच. खुर्चीचा पाय लागे, मुलांचा चेंडू लागे, मुंग्यांनी तर माझ्या पोटात संसारच थाटला होता. फरशी पुसताना पाणी आत जाई आणि मी चरचरत असे. एकदा ठिणगी उडाली तेव्हा मावशीने पिशवी शिवून उरलेला रेक्झिनचा तुकडा कापला, चारी बाजूंनी शिवला आणि पट्टीवर वरच्या कडेला ठोकून माझ्यावर झडप टाकली. पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून जायला लागलं. "घे, तुलाही गणवेश झाला," ती म्हणाली. माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो एकच कपडा.

कौतुकही खूप झालं. माझं नव्हे, भिंतीचं. कपडे न्यायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, "मावशी, किती नितळ भिंत हो, एक वायर म्हणून दिसत नाही!" मावशी फुलायची. मी दिसत नव्हतो हेच माझं कौतुक होतं. मुलगा आणि लेक, दोघं लहान होती. ती खेळता खेळता भिंतीशी आली की मावशी मशीनवरूनच गरजायची, "भिंतीला हात लावाल तर हात मोडून ठेवीन! बाबांची भिंत आहे ती!" मुलं ते ऐकत ऐकत मोठी झाली. आपण जे बोलतो ते मुलांच्या कानात राहतं, मित्रांनो. का बोललो ते राहत नाही.

मुलं हाताशी येण्याआधीच मिस्त्री गेले. छातीत कळ आली आणि आटोपलं. त्यांचा फोटो कपाटावर टेकवून ठेवला, कारण भिंतीला खिळा चालत नव्हता. मिस्त्री गेले आणि भिंतच मिस्त्री झाली. संध्याकाळी काम संपलं की मावशी कोरड्या मऊ फडक्याने ती भिंत पुसायची, फुलीपाशी हात जरा थांबायचा.

मग ती कामाला अशी जुंपली की विचारता सोय नाही. दोन मुलांची शाळा, कपडे, दुखणीखुपणी, सगळं त्या मशीनवर निघालं, म्हणजे माझ्यावर निघालं. मुलगा कचेरीत लागला. लेकीचं लग्न होऊन ती दूर गेली. सून आली. आता मावशीने हात आखडता घेतला असता तरी चाललं असतं, पण तिला शिवायचंच होतं. गल्लीतल्या निम्म्या अंगांची मापं तिच्या डोक्यात होती. कुणी दारातून आत आलं की ती आधी खांदे बघायची आणि मग चेहरा. मशीन चालू असलं की ती कुणाची सासू नसे, कुणाची म्हातारी आई नसे. शिवणमावशी असे.

आणि मग गुडघे गेले.

ते एकदम जात नाहीत. मी खालून सगळं बघितलं आहे. आधी वाकताना एक हात मशीनवर टेकला. मग दोन्ही हात टेकले. मग वाकण्याआधी एक श्वास यायला लागला आणि उठताना "आई गं". तिचा चेहरा माझ्याजवळ यायचा तो हसरा राहिला नव्हता. दात आवळलेला, डोळे मिटलेला. मला तो नकोसा झाला.

मावशी काही कमी नव्हती. कापड मोजायचा लाकडी गज तिच्याजवळ होता. खुर्चीवरून तो गज खाली घालून ती त्याच्या टोकाने बटण दाबायला शिकली. नेम चुकला की गज माझ्या कपाळावर बसायचा. बसू दे, मी म्हणायचो. पण गजाने बटण दाबता येतं, प्लग काढता येत नाही. इस्त्रीसाठी वाकणं आलंच. मग तिने हाका मारायला सुरुवात केली. "अगं, जरा प्लग बदलतेस का?" सून यायची, बदलायची. दुसऱ्या कॉलरीला पुन्हा हाक. तिसऱ्या कॉलरीला सुनेच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं. ती वाईट नव्हती. दर कॉलरीला हातातलं काम टाकून यायचं, तर कुणीही वैतागेल. मावशीच मग एक एक कॉलर साठवून ठेवायला लागली, आणि तशा कॉलरी नीट बसेनात. गिऱ्हाईक काही बोललं नाही, फक्त पुन्हा आलं नाही.

एका सुट्टीच्या सकाळी ती मुलाला म्हणाली, "हा पॉइंट वर घेऊन दे रे. वायरमनला बोलाव."

"बघू."

हा 'बघू' त्या घरात पुढे कायमचा मुक्कामाला आला. आलोच निदान 'आलोच' म्हणून कधीतरी यायचा तरी. दिवाळखोराच्या वायद्यासारखा हा शब्द दर सुट्टीला पुढे ढकलला जाई. मावशीने फारच लकडा लावला तेव्हा मुलगा एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आला. दोन दिवस बरं चाललं. मग इस्त्रीने तो बोर्ड तापला, जळका वास सुटला, आणि त्याच दिवशी दारातून येताना त्याच्या वायरीत सुनेचा पाय अडकला. बोर्ड गुंडाळून माळ्यावर गेला.

"आई, आम्ही केलं ना तुझ्यासाठी," मुलगा म्हणाला. "आता काय करायचं राहिलं?"

"भिंत फोड," मावशी म्हणाली.

तो तिच्याकडे बघतच राहिला. "बाबांची भिंत?"

"हो. तिथे फुली आहे बघ. तुझ्या बाबांनीच मारली आहे. तेच म्हणाले होते, इथे पॉइंट घेऊ म्हणून. मीच नको म्हणाले."

मुलगा हसला. त्या हसण्यात माया होती, म्हणून तर ते जास्त लागलं. "आई, तुला आता नीट आठवत नाही गं. जन्मभर तूच ओरडायचीस ना, भिंतीला हात लावाल तर हात मोडून ठेवीन? माझ्या पाठीत धपाटा घातला होतास, एकदा खडूची रेघ मारली म्हणून. आणि आता म्हणतेस, फोड. बाबांना काय वाटलं असतं?"

मित्रांनो, बाबांना काय वाटलं असतं ते मला ठाऊक होतं. बाबा काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. 'गिलावा काय, पुन्हा करता येतो.' तेव्हा हजर असलेल्यांपैकी मिस्त्री गेले, आलोच गाव सोडून गेला, आणि जी उरली तिच्यावर कुणाचा विश्वास नाही. मला तीन भोकं आहेत, पण तोंड एकही नाही. त्या दिवसासारखी चीड मला कधी आली नव्हती. आपल्या आईचा शब्द पाळतो म्हणून आईचंच ऐकायचं नाही, असला आज्ञाधारक मुलगा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पुढच्याच आठवड्यात, दुपारी घर शांत होतं. सून शेजारी गेली होती. मावशीने मिस्त्रींची हत्यारांची पेटी ओढत आणली. त्यातली छिन्नी आणि हातोडा घेतला, खुर्ची भिंतीशी सरकवली आणि फुलीवर छिन्नी ठेवली.  "तुम्ही म्हणाला होतात," ती भिंतीला म्हणाली, आणि हातोडा मारला.

मिस्त्रींचं काम होतं ते. तिच्या हाताला कुठे दाद देणार? तिने मारलं, पुन्हा मारलं, पुन्हा मारलं. शेवटी शर्टाच्या बटणाएवढा एक टवका उडाला आणि माझ्या रेक्झिनवर पडला. तेवढ्यात आवाज ऐकून सून धावत आली.

"आई! काय करताय हे? अहो, भिंत!"

तिने छिन्नी हातातून काढून घेतली. संध्याकाळी मुलगा आला, त्याने तो टवका बघितला आणि त्याचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी बघितलं. "डोकं ठिकाणावर आहे ना आई तुझं? बाबांची एवढी एकच आठवण होती घरात."

"आणि मी कोण आहे रे?" मावशी म्हणाली. "मी कुणाची आठवण आहे?"

 मग ती जरा खालच्या आवाजात म्हणाली, "माझं मशीन बंद पडायला आलंय. एवढा एक पॉइंट वर आला तर माझी काही वर्षं निघतील."

"मग पडू दे ना बंद. या वयात तुला कुणी शिवायला सांगितलंय? लोक म्हणतात, मुलगा कमावता असून आईला राबवतो. तू आराम कर."

पेटी माळ्यावर गेली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं त्या घराचं झालं होतं. भिंत मोठी आणि तिच्यासमोर बसणारी बाई लहान. आराम करण्याचा हुकूम झाला, पण मावशीने ऐकलं नाही. तिच्याकडे एकच शर्ट बाकी होता, लेकीच्या नवऱ्याचा. तिने तो सकाळी शिवायला घेतला. कॉलर उलटवली. हाक मारण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. फरशी नुकतीच पुसलेली होती, अजून ओली. मावशी मशीनला धरून वाकली, मोटरीचा प्लग काढला, इस्त्रीचा लावला. उठताना पाय सटकला.

ती माझ्याशेजारीच पडली. तिचं तोंड माझ्यासमोर होतं, पहिल्या दिवसांत असायचं तितकं जवळ. खुब्याचं हाड मोडलं होतं. वर मशीनवरून ती कॉलर अर्धी लोंबत होती. मी तापवत असलेली इस्त्री कुणी बंद करीपर्यंत मी वीज देत राहिलो, कारण मला तेवढंच येतं.

दवाखान्यातून लेक तिला आपल्या घरी घेऊन गेली. लेकीच्या घरचे पॉइंट कुठे बसवले आहेत, मला माहीत नाही. चांगल्या उंचीवर असावेत.

इकडे मशीनवर चादर आली. चादरीवर वर्तमानपत्रं आली. मग मशीनच गेलं. दोन माणसं आली आणि उचलून घेऊन गेली. सुनेने माझ्यावरची रेक्झिनची झडप उपटली. "कसलं जुनाट दिसतं हे," ती म्हणाली. फरशीचं पाणी पुन्हा माझ्या तोंडात जायला लागलं.

मग टीव्ही आला. हा एवढा मोठा, भिंतीवर टांगायचा. त्याच्याबरोबर नवा वायरमन आला, आणि त्याच्याबरोबर भिंत कापायचं मशीन. मी वाट बघत होतो, मुलगा आता म्हणेल, 'भिंतीला हात लावायचा नाही.' निदान 'बघू' तरी म्हणेल. तो म्हणाला, "धूळ किती उडेल?"

"प्लॅस्टिक लावतो साहेब. दुपारपर्यंत मोकळे." वायरमनने भिंतीवर हात फिरवला आणि थांबला. "इथे कुणीतरी फुली मारलेली दिसते. जरा फोडलेलंही आहे. इथेच घेऊ का पॉइंट?"

मुलाने त्या टवक्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, त्याला काहीतरी आठवलं. "घ्या तिथेच," तो म्हणाला. "वाकायला लागता कामा नये."

दुपारपर्यंत सगळं आटोपलं. ज्या भिंतीपायी एका बाईचं उभं राहणं गेलं, ती भिंत जेवणाच्या वेळेआधी फुटून, भरून, घासून तयार झाली होती. चार दिवसांनी खोलीला रंग दिला. माझी वायर कापली आणि रंगवाल्याने माझ्यावरूनच ब्रश ओढला. गरज सरो, वैद्य मरो. मला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. मरायला मी तयारच होतो. फक्त रंग पातळ होता, आणि मला अजून ऐकू येत होतं.

म्हणून मावशी आली तेव्हाचं मला सगळं ठाऊक आहे. लेकीने तिला भेटीला आणलं होतं. चार पायांच्या वॉकरचा ठक ठक आवाज दारातून आत आला. सुनेने खुर्ची पुढे केली. मुलगा उत्साहात होता. "आई, बघ ना खोली! आणि हे बघ, पॉइंट वर घेतला शेवटी. अगदी तू म्हणत होतीस तिथेच. बसल्या बसल्या हात पोचतो की नाही, सांग."

वरातीमागून घोडं आलं होतं, आणि त्याला वाटत होतं आईने त्याची पाठ थोपटावी.

मावशीने हात लांब केला. बटण खट् वाजलं. पुन्हा खट्. "पोचतो रे," ती म्हणाली. मग भिंतीवरून तळहात फिरल्याची खसखस ऐकू आली. ती ठिगळ शोधत होती. वर, खाली, बाजूला.

"कुठे फोडली होती?" तिने विचारलं.

"इथेच की, तुझ्या हाताखाली."

"कळत नाही रे," मावशी म्हणाली. "काहीच कळत नाही. मला वाटलं होतं, दिसेल."

 त्या वाक्यात तिचं सबंध आयुष्य होतं, आणि ते समजणारा त्या खोलीत मी एकटाच होतो, रंगाखाली.

मग तिचा आवाज एकदम तरतरीत झाला. कामाला बसताना व्हायचा तसा. "बरं, आता मशीन आणा इथे. जावयाचा शर्ट राहिलाय, कॉलर तशीच आहे."

सून मुलाकडे बघत असावी. मुलाने घसा साफ केला. "आई, ते... मशीन दिलं आम्ही. जागा अडत होती. तुला विचारणारच होतो."

मावशीने बटण आणखी एकदा चालू केलं आणि आणखी एकदा बंद केलं. मग वॉकरचा ठक ठक आवाज दाराकडे गेला. ती या घरात पुन्हा आलेली नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करतात, म्हणून करतो. माझा रंग खरवडू नका, मला वीज नको. तुमच्या घरी जा आणि बघा, तुमच्याकडचे पॉइंट कुठे आहेत आणि त्यांच्यापाशी रोज कोण वाकतं. त्याने आजवर एकदाही तक्रार केली नसेल. कदाचित त्याने स्वतःच सांगितलं असेल, खालीच बसवा म्हणून. ते सांगणं जुनं झालं, असं समजा. भिंत फोडा. एका थोर गवंड्याचा शब्द आहे, गिलावा पुन्हा करता येतो.

आता उठा. उठताना कशाला धरावं लागलं का? नाही ना? मावशीलाही त्या पहिल्या दिवशी लागलं नव्हतं.